दोन दिवसांची पट्टी

हुकवाल्या काकू बोलायच्या त्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून, कारण डाव्या कोपऱ्यात कायम तीन-चार टाचण्या असायच्या. गिरगावातून आम्ही भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी ब्लाउजपीस घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांचं एका बाजूने हलणारं तोंड पाहून मला वाटलं, बाईंना झटका येऊन गेलाय. म्हणून मी उगीचच मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टाचण्या काढून वाटीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "ऐकायला येतं हो मला. टाचण्या तोंडात आहेत, कानात नाहीत."

टाचण्या काढून बोलल्या, म्हणजे ते बोलणं महत्त्वाचं असतं, हे मला पुढे कळलं. एरवी भाजीचा भाव, पाण्याची वेळ, शेजारणीची सून हे सगळं उजव्या कोपऱ्यातून चालायचं.

त्यांना आडनाव होतं, दारावर तशी पाटीही होती. पण ती कुणी वाचत नसे. गल्लीतल्या तिन्ही शिंप्यांकडचे शिवून झालेले ब्लाउज काजं, हूक आणि हातशिलाईसाठी काकूंकडे यायचे, म्हणून त्या मराठी घरांत हुकवाल्या काकू आणि बाकी सगळ्या बिल्डिंगला हुकवाली आंटी. मूळच्या राजापूरकडच्या. नवरा लवकर गेला. मुलगा नितीन शिकून पुण्याला नोकरीला लागला, आणि काकू तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत पायमशीन घेऊन राहिल्या. मशीनला मोटर बसवून देतो, म्हणून नितीन दर दिवाळीला म्हणायचा. काकू म्हणायच्या, पाय चालतोय तोवर चालू दे.

स्वतः पूर्ण ब्लाउज त्या फक्त नवरीचा शिवायच्या, आणि त्यासाठी त्यांची एक अट असायची. आधी दोन दिवस पट्टी बांधायची. जो हूक ब्लाउजला लागणार, त्याच पाकिटातला एक हूक काढून त्या नवरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला, मऊ कातडीवर ठेवायच्या, वर अस्तराचा तुकडा, त्यावरून कापडाची पट्टी. दोन दिवस तिथे पाणी लावायचं नाही आणि उघडून बघायचं नाही. मग मुलीने परत यायचं. काकू तिचा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवून, बोट फिरवून बघायच्या. कातडी स्वच्छ असली तर हूक. लाल झाली तर कापडाची बटणं आणि दोऱ्याची घरं.

याचं मूळ त्यांच्या नणंदेच्या लग्नात होतं. काकूंनी हौसेने शिवलेला ब्लाउज घालून नणंद पूजेला बसली आणि पूजाभर पाठ खाजवत राहिली. सासरच्यांनी भलताच अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाठीच्या मधोमध, हुकांच्या ओळीत, एकाखाली एक लाल चट्टे. "माझ्या हाताने मोजून मोजून लावलेले हूक होते ते," काकू म्हणायच्या. नणंदेने मनाला लावून घेतलं नाही, पण काकूंनी घेतलं. तेव्हापासून पट्टी.

लोक चेष्टा करायचे. समुद्राकाठच्या चौक गावाहून एक कोळीण बाई मुलीला घेऊन आली होती. मासळी विकून आलेली, घाईतली, बोलायला खणखणीत. पट्टीचं ऐकल्यावर म्हणाली, "दोन दिस पट्टी कनाला? हूक हाय ता, इंजेक्शन न्हाय." काकूंनी पट्टी बांधलीच. दोन दिवसांनी मुलीच्या हातावर हुकाची आकृती उमटली होती, वळणासकट.  लग्नानंतर आईने सुके बोंबील आणून दिले, आणि पुढे तिच्या गावातून जी नवरी यायची, ती रिक्षातून उतरतानाच बाही वर करून यायची.

काकूंची दुसरी सवय चुकीच्या बाबतीत होती. एकदा त्यांनी एका गुजराती बाईंच्या मुलीच्या लग्नातल्या रेशमी कापडाचा गळा दोन बोटं जास्त कापला. बाईंना ते कळलंही नसतं. गळे तेव्हा खोलच होते. मी तसं म्हटलं. मी पहिल्यापासून अशीच, लवकर मिटवायच्या मागे. काकूंनी ते कापड घडी करून पिशवीत घातलं, पायऱ्या उतरून पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेल्या आणि हिंदीत सांगून आल्या की गलती हो गया. परत येऊन मला म्हणाल्या, "चुकलं की उसवायचं गो, सुषमा. लपवलं की त्याच्यावर पुढची शिलाई चढते. मग उसवायला गेलं तर अख्खं कापड जातं."

तिसरी सवय डब्याची. जुना ब्लाउज पोतेऱ्याला काढताना त्या आधी त्याचे हूक कापून घ्यायच्या. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात असे शेकडो हूक. मी विचारलं होतं, नवे एवढे मिळतात, हे कशाला? त्या म्हणाल्या, कापड विरलं ते विरलं, त्यात हुकाचा काय दोष?

तर अशा काकूंचा डावा गुडघा गेला. आधी मशीनवर बसताना कळ यायची, मग उठताना, मग झोपेतही. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. हळूहळू काकूंचं खाली उतरणं बंद झालं आणि वर्षभर त्या तिसऱ्या मजल्यावरच राहिल्या. शिंपी कपडे वर पाठवायचे, भाजी मी आणायचे. त्या कुरकुर करत नसत, पण खिडकीत वेताचा मोडा घेऊन बसायला लागल्या होत्या, आणि खालून जाणारी माणसं त्या इतकी निरखून बघायच्या की मला बघवायचं नाही. शेवटी नितीन आला, खुर्चीत बसवून आम्ही त्यांना खाली आणलं, आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा बदलावा लागेल.

डॉक्टर भला माणूस, पण घाईतला. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, कसली ॲलर्जी? नितीन म्हणाला, नाही. डॉक्टरांनी खूण केली आणि पुढे गेले. काकूंनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. म्हणाल्या, गुडघा कशाचा असतो? डॉक्टरांनी टेबलावरचा नमुना दाखवला. चकचकीत, जड. कोबाल्ट, क्रोम, थोडं निकेल, असं काहीबाही सांगितलं. काकूंनी तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "याचा एक तुकडा मिळेल का? दोन दिवस हाताला बांधून बघते."

नितीनला शरमल्यासारखं झालं. डॉक्टर हसले. मग काकू म्हणाल्या, "हूक नाही सोसला तर उसवता येतो, डॉक्टर. हा कसा उसवणार?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी विचारलं, हे बांधून बघायचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी पट्टीची सगळी हकीकत सांगितली. ते थोडा वेळ काकूंच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की अशी तपासणी खरोखरच असते, त्वचेचे डॉक्टर करतात, ती पाठीवर करतात आणि तीही दोन दिवसांचीच. सगळ्यांना ती करायला आपण सांगत नाही. पण तुम्ही विचारलंय, तर करून घ्या. ऑपरेशनची तारीख त्यांनी पुढच्या सोमवारच्या नंतरचा सोमवार अशी दिली. नितीनने त्याप्रमाणे रजा टाकली.

त्वचेच्या डॉक्टर वयाने तरुण होत्या. त्यांनी सोमवारी काकूंच्या पाठीवर एक पट्टी चिकटवली. तिच्यात दोन ओळींत दहा बारक्या वाट्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ. हुकांवरही असतं ते निकेल कुठे, कोबाल्ट कुठे, ते त्यांनी कागदावर लिहून ठेवलं. पट्टीच्या कडेला छोटा काळा बाण होता. "बाण वर," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, ते मला आठवतं. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही, वाकायचं नाही, मशीन बंद. काकूंनी माझ्याकडे वळून सांगितलं, "बघ, दोन दिवस. म्हणजे मी काही वेडी नव्हते."

दिवस मे महिन्याचे. भाईंदरच्या खाडीवरचा तो चिकट वारा आणि तिसरा मजला, वर गच्ची तापलेली. त्याच संध्याकाळी काकूंनी कपडे बदलायला मला हाक मारली, आणि ब्लाउज काढला तशी ती पट्टी घामाने सुटून माझ्या हातात आली. काकूंना पाठ दिसत नव्हती. "सुटली का गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडीशी, लावते. पाठीवर पेनाने चौकोन आखलेला होता. मी पाठ रुमालाने टिपली, पट्टी त्या चौकोनात बरोब्बर बसवली, वरून चिकटपट्टीच्या चार पट्ट्या मारल्या, आणि स्वतःवर खूश होऊन घरी जाऊन पोळ्या लाटल्या.

बुधवारी दवाखान्यातल्या ताईंनी ती पट्टी ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आधी क्षणभर ती माझ्यासमोर आली. बाण कमरेकडे होता. मी पट्टी उलटी लावली होती.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. डॉक्टर कागद घेऊन पाठीशी मिळवत होत्या. निकेलची जागा स्वच्छ, कोबाल्टची स्वच्छ. खालच्या एका जागेवर लाली होती, ती म्हणे रबरातल्या कुठल्याशा रसायनाची. दोन दिवसांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. शुक्रवारी पुन्हा आलो. लाली होती तिथेच होती, उलट वाढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यात रबर नसतं, निर्धास्त राहा. नितीनने सुटकेचा निःश्वास सोडला. काकूंनी डॉक्टरांच्या हातावर हात ठेवला. मी भिंतीवरच्या सोरायसिसच्या तक्त्याकडे बघत उभी होते.

मी स्वतःला काय काय सांगितलं, ते लिहायला लाज वाटते. की तारीख मिळालीये, नितीनची रजा मंजूर झालीये. की सगळ्यांना कुठे ही तपासणी करतात, तरी त्यांचे गुडघे चालतातच ना. की काकूंना पुन्हा त्या पायऱ्या उतरवायच्या म्हणजे प्रत्येक पायरीला त्यांचा चेहरा बघायचा. हे सगळं खरंच होतं. पण पाठीवर खाली जिथे लाली होती, तिथे उलट्या पट्टीतली नेमकी निकेलची वाटी आली होती, हेही मला दिसत होतं.

त्या संध्याकाळी काकूंकडे गेले. चार दिवसांच्या सुट्टीनंतर त्या हूक लावायला बसल्या होत्या, तोंडात टाचण्या होत्या. मी दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुई कापडात खोवली. टाचण्या काढून वाटीत ठेवल्या.

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी."

"आज शुक्रवार." त्यांनी बोटांवर मोजलं. "दोन दिवस झाले. म्हणजे पट्टी तुलाच बांधली होती म्हणायची. आता काय दिसतंय?"

मला रडू आलं. चाळिशीची बाई मी, शाळेच्या कचेरीत दहा जणांवर डाफरणारी, त्यांच्या मशीनच्या फळीला धरून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "उसवू या. परत घालू."

नितीन माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तारीख रद्द केली. त्वचेच्या डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पाठ पूर्ण निवळल्याशिवाय पुन्हा करता येणार नाही, दीड महिना तरी थांबा. त्या दीड महिन्यात काकू पुन्हा खिडकीत मोड्यावर बसल्या. मी भाजी घेऊन जायचे तेव्हा नजर चुकवायचे. एक दिवस त्यांनी मला थांबवलं आणि एक कापड पुढे केलं. त्यांनी पाठीला बसेल अशी एक सुती चोळी शिवली होती. पुढे बांधायचे बंद, एकही हूक नाही, पाठीवर पट्टीच्या मापाचा दुहेरी कप्पा, आणि त्याच्या वरच्या बाजूला लाल दोऱ्याने भरलेला ठळक बाण. तो मानेकडे होता. ही घातली की पट्टी हलणार नाही आणि हलली तरी उलटी होणार नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. तो बाण कुणासाठी होता, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला निकेलची जागा लालभडक झाली, बारीक फोडांसकट. कागद बघायचीसुद्धा गरज नव्हती.

काकूंना आरशात दाखवलं. त्या बघतच राहिल्या. चाळीस वर्षं हूक हाताळलेली, टाचण्या ओठांत धरणारी बाई. डॉक्टरांनी त्यांची बोटं हातात घेतली. टोकांची कातडी जाड, भेगाळलेली. या भेगा कधीपासून? काकू म्हणाल्या, धुण्याच्या सोड्याने पडतात. डॉक्टर म्हणाल्या, सोड्याने नव्हे. काकूंना हसू आलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सगळ्यांना बांधली," त्या म्हणाल्या, "मलाच बांधायची राहिली."

हाडांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की चामडीला जे सोसत नाही ते हाडाला सोसणारच नाही, असं काही खात्रीने म्हणता येत नाही. पण आता कळलंय, तर मी तो घालणार नाही. दुसऱ्या प्रकारचा गुडघा असतो, त्याच्यावर वेगळ्या धातूचा थर दिलेला. त्यांनी नमुना काढून दाखवला, तर तो सोनेरी. काकूंनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेखेरीज काही घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाटल्या कधी केल्या नाहीत. आता सोनं घालायचं तर कातडीच्या आत."

ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी त्या काठी घेऊन एकट्या खाली उतरल्या. मी मागून जात होते, तर मला वरच थांबायला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी दोऱ्याची दोन रिळं घेतली, शिंप्याशी दहा मिनिटं भांडल्या आणि परत आल्या. पहिल्या मजल्यावर दम खायला थांबल्या तेव्हा वर बघून हसल्या. नितीन त्या दिवाळीला आला तेव्हा मला ओवाळणी घालून गेला. आणि त्वचेच्या डॉक्टरांनी चोळीचं माप मागून घेतलं. काकूंनी त्यांना सहा शिवून दिल्या, सहाही बाणासकट. दवाखान्यात अजून त्या वापरतात.

त्यानंतर काकू चार वर्षं चालल्या. नजर कमी झाली तेव्हा हुकांचा डबा त्यांनी माझ्याकडे दिला आणि मला हूक लावायला शिकवलं. माझे टाके वाकडे यायचे. त्या बोटांनी चाचपून ओळखायच्या आणि उसवायला लावायच्या. गेल्या वर्षी थंडीत एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. चहाला का आल्या नाहीत म्हणून मी गेले, तर पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलेलं होतं. मला माझी आई गेली तेव्हा रडू आलं नव्हतं इतकं त्या दिवशी आलं.

दुसऱ्या दिवशी नितीन अस्थी घेऊन आला. कलश काकूंच्या दारामागे टांगून ठेवला आणि वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. स्मशानातल्या माणसाने राखेतून वेगळं काढून दिलं होतं. मी कागद उघडला. सोनेरी रंग जळून गेला होता, काळपट निळसर झाला होता. पण आकार तसाच, गोलाई तशीच, कुठे ओरखडाही नाही. नितीनने विचारलं, हे अस्थींबरोबर पाण्यात सोडायचं का? गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.

मी तो गुडघा उचलला आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला, मऊ कातडीवर टेकवला. का ते मला सांगता येणार नाही. तो गार होता आणि जड होता.

"सुषमाताई," नितीन म्हणाला, "आईने काय केलं असतं याचं?"

हे मला माहीत होतं. मी आतून बिस्किटांचा डबा आणला, झाकण काढलं आणि हुकांमध्ये हाताने जागा केली.